डाळ मिलमध्ये कणी कमी, डाळ जास्त: लॉटची वही, भिंतीवरचं कार्ड आणि कामगारांचा शब्द

लातूर, उदगीर, जालना या पट्ट्यात सहा ते दहा माणसांवर चालणाऱ्या डाळ मिल पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेक मालकांची तक्रार एकच असते. तूर तीच, मशीन तेच, माणसं तीच, तरी सोमवारची डाळ आणि गुरुवारची डाळ सारखी पडत नाही. मग कधी मशीन चालवणाऱ्या मिस्त्रीला बोल बसतो, कधी आडतीवरच्या मालाला. यातून वाट काढायला नवं मशीन लागत नाही. एक वही, एक नीट वजनकाटा, ओलावा मोजायचं मीटर आणि कामावरच्या माणसांचं म्हणणं ऐकून घ्यायची तयारी, एवढ्यावर सुरुवात होते.

आधी हिशेब समजून घ्या. तुरीच्या दाण्यात टरफल साधारण १२ ते १४ टक्के असतं, अंकुराचा भाग दोनेक टक्के, उरलेला ८५ टक्क्यांच्या आसपासचा भाग म्हणजे डाळ. मिलमध्ये मात्र हातात पडते ती ७० ते ७५ टक्के. मधला माल कुठं जातो? कणीत (फुटलेल्या डाळीचे तुकडे), भुकटीत आणि चुनीत (बारीक चुरा). चुनी जनावरांच्या खाद्याच्या भावानं जाते. समजा दिवसाला २० क्विंटल तूर चालते आणि डाळ व चुनी यांच्या भावात किलोला ७० रुपयांचा फरक आहे. एक टक्का माल चुनीतून डाळीत आणला तर दिवसाचे २० किलो, म्हणजे १,४०० रुपये वाचले. महिन्याची २५ दिवसांची चाल धरली तर ३५,००० रुपये. बहुतेक लहान मिलमध्ये हा एक टक्का नक्की कुठं सांडतोय, हेच कुणाला ठाऊक नसतं.

पहिलं काम: लॉट बांधा

दिवसभराचा माल एकत्र मोजला की काहीच कळत नाही. १० क्विंटलचा एक लॉट धरा. लॉटला नंबर द्या आणि तो प्रत्येक कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, खडूनं किंवा रंगानं टाका. माल वाळवणाच्या ओट्यावर गेला की तिथंही त्याच नंबराची पाटी ठेवा. एका लॉटमध्ये एकाच जातीची तूर घ्या. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली बीडीएन ७११ पांढरी आहे, बीडीएन ७१६ लाल. दोन्हींचा दाणा, टरफल आणि पक्व व्हायचा काळ वेगळा. दोन्ही एकत्र टाकून रोलर (दाणा घासून सोलणारा खरखरीत दंडगोल) एकाच अंतरावर लावला तर एक दाणा सोलला जायच्या आत दुसरा फुटतो. बाजारातून मिसळलेलाच माल आला असेल तर निदान चाळणीनं आकार वेगळे करून दोन लॉट पाडा.

वजन पाच ठिकाणी करायचं: आलेली तूर, चाळून साफ झालेली तूर, तयार डाळ, कणी, आणि चुनी व टरफल मिळून. वहीत एका लॉटची नोंद कशी दिसेल त्याचा नमुना असा. आलेला माल १,००० किलो. माती, काडी, खडे ३०. साफ तूर ९७०. डाळ ७०५, कणी ४५, चुनी ९५, टरफल १०५, उरलेले २० किलो धूळ आणि उडालेला ओलावा. डाळीचं प्रमाण साफ तुरीवर काढायचं, म्हणजे ७०५ भागिले ९७०, साधारण ७२.७ टक्के. आलेल्या मालावर काढलं तर घाणीचा दोष मशीनच्या माथी बसतो.

काट्याबद्दल थोडं. खरेदीचा आणि विक्रीचा काटा वेगळा असेल तर महिन्यातून एकदा २० किलोचं तेच वजन दोन्हींवर ठेवून बघा. वजनमापे विभागाचा शिक्का वर्षाचा असतो, पण काटा वर्षभर खरा राहीलच असं नाही. तो ५० किलोला २०० ग्रॅम खोटं बोलत असेल तर तुमचा जवळजवळ निम्मा टक्का तिथंच गेला, आणि तुम्ही रोलर पिळत बसता.

पहिले १५ लॉट काहीही बदलू नका. नुसतं लिहा. हे सगळ्यांत अवघड जातं, कारण दुसऱ्याच दिवशी काहीतरी सुधारावंसं वाटतं. पण आत्ताची चाल किती वरखाली होते हे कळलं नाही तर उद्याचा फरक सुधारणेचा की नशिबाचा, हे ठरवता येत नाही. १५ लॉटमध्ये डाळ ६९ पासून ७४ टक्क्यांपर्यंत हलताना दिसली तर मशीनला मुळात ७४ जमतात हे सिद्ध झालं. मग ६९ चा दिवस का आला, एवढंच शोधायचं.

कणी रोलरवर दिसते, कारण बहुतेकदा मागं असतं

डाळ मिलचं हे वागणं समजलं की कामगारांना सामील करून घेणं का गरजेचं आहे ते आपोआप कळतं. तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारख्या थरानं चिकटलेलं असतं. ते सुटावं म्हणून पहिल्या रोलरवर दाण्याला चरे पाडतात, मग तेल लावतात, रात्रभर ढीग मारतात, ऊन दाखवतात, पाण्याचा हबका मारून पुन्हा ढीग लावतात आणि मग सोलायला घेतात. समजा तेल लावणाऱ्यानं घाईत डबा अर्धाच ओतला. टरफल सुटत नाही. दोन-तीन दिवसांनी तो माल रोलरवर आला की मिस्त्री बघतो, दाणा सोलला जात नाही, म्हणून तो रोलर आवळतो. दाणा फुटतो, कणी वाढते. बोलणी मिस्त्रीला बसतात. तेल लावणाऱ्याला काही कळतच नाही, कारण त्याचं काम दोन-तीन दिवसांपूर्वी संपलेलं. एका हाताची चूक दुसऱ्या हातात दिसते. म्हणून सगळे हात एका जागी बसून बोलल्याशिवाय हा गुंता सुटत नाही.

भिंतीवरचं कार्ड

प्रत्येक टप्प्याचं एक कार्ड, त्यावर काम कसं करायचं ते लिहिलेलं आणि जिथं काम होतं तिथंच लावलेलं. ऑफिसात फाइलमध्ये ठेवलेली पद्धत कुणाच्या कामाची नाही. कार्ड मालकानं लिहू नये. त्या टप्प्यावर काम करणाऱ्यानं सांगावं, मालकानं त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावं आणि त्याला वाचून दाखवावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणा करा. तेलाच्या बादलीवर पक्क्या रंगाची रेघ, चाळणीच्या चौकटीवर रंगाचा पट्टा, रोलरच्या हँडलवर दोन ठिपके.

तेलाच्या कार्डावर आकडा हवाच. चरे पाडलेल्या तुरीला क्विंटलमागं ५०० ग्रॅम ते १ किलो तेल लागतं. जात आणि मालाची जुनाई पाहून यात कमी-जास्त होतं. समजा तुमच्याकडं ६०० ग्रॅम बसलं, तर १० क्विंटलच्या लॉटला ६ किलो. खाद्यतेलाचा लिटर ९१० ते ९२० ग्रॅमच भरतो, म्हणून लिटरनं मोजत असाल तर साडेसहा लिटर धरा. ‘सहा लिटर म्हणजे सहा किलो’ समजून चालणाऱ्या मिलमध्ये दर लॉटला अर्धा किलो तेल कमी पडत राहतं. तेल खाण्याचंच वापरा. हा माल लेकराबाळांच्या ताटात जाणार आहे. तेल जास्त झालं तर भुकटी डाळीला चिकटते, डाळ काळवंडल्यासारखी दिसते आणि चाळणी तुंबते. कमी झालं तर काय होतं ते वर आलंच आहे.

वाळवणाचं कार्ड सगळ्यांत जपून लिहावं लागतं. जुनी पद्धत ‘मालाला तीन उन्हं दाखव’ अशी. पण पौषातलं ऊन आणि चैत्रातलं ऊन एक नाही. जानेवारीत सकाळी दव पडलेलं असतं, ऊन कोवळं, दिवस लहान. एप्रिलमध्ये लातूर-परभणीकडं पारा चाळिशीच्या वर जातो आणि ओट्याची फरशी पायाला चटका देते. तीच तीन उन्हं जानेवारीत कमी पडतात आणि एप्रिलमध्ये दाणा कोळपून टाकतात. फार वाळलेला दाणा रोलरखाली काचेसारखा फुटतो. ओला राहिलेला दाणा चेपतो आणि टरफल सोडत नाही. म्हणून कार्डावर ‘तीन उन्हं’ लिहू नका, ‘ओलावा ९ ते १० टक्के’ लिहा. मीटर नसेल तेव्हाची परीक्षा अशी: दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज करून स्वच्छ दोन तुकडे व्हावेत, आणि चिमटीत चोळला की टरफल सरकावं. दात रुतला तर माल अजून ओला आहे. संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकायची, नाहीतर दिवसभराची मेहनत रात्रीचं दव पिऊन टाकतं. ओट्यावर मालाचा थर सगळीकडं सारखा ठेवा आणि दर दोन तासांनी फावडं फिरवा. कडेचा माल आधी वाळतो, मधला मागं राहतो, आणि दोन्ही एकाच कट्ट्यात जातात.

सोलण्याआधी पाण्याचा हबका क्विंटलमागं २ ते ३ लिटर. पाणी झारीनं किंवा फवाऱ्यानं, माल उलटत उलटत मारायचं. बादली ओतली की ढिगाच्या पोटात चिखल होतो आणि माथा कोरडा राहतो. त्यानंतर ढीग रात्रभर झाकून ठेवायचा. ‘आज ट्रक भरायचाय’ म्हणून हा वेळ चार तासांवर आणला की त्या लॉटची कणी हमखास वाढलेली दिसते. वही हे दाखवून देते, आणि मालकाच्या घाईची किंमतही तीच दाखवते.

शंभर दाण्यांची परीक्षा

ही परीक्षा कुणालाही दोन मिनिटांत करता येते, आणि कामगारांच्या हातात खरी सत्ता हीच देते. चरे पाडल्यावर चार वेगवेगळ्या जागांतून मूठ-मूठ दाणे घ्या, ताटात मिसळा आणि त्यातले १०० मोजून वेगळे करा. किती दाण्यांवर चरा उमटलाय? ९० च्या खाली आकडा आला तर रोलर ढिला आहे किंवा माल फार जोरात सोडलाय. चऱ्याऐवजी फुटलेले दाणे ३-४ निघाले तर रोलर जास्त आवळला आहे. सोलण्याच्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा १०० दाणे घ्या. किती अख्खे टरफलासकट राहिले? त्यांना चाळून वेगळं करून दुसऱ्या फेरीला पाठवायचं. पहिल्याच फेरीत सगळं सोलायचा हट्ट धरला की डाळीच्या कडा झिजतात, आणि ती झीज भुकटी होऊन पंख्यातून उडते.

कट्ट्याच्या तोंडावरचे दाणे घेऊन परीक्षा करू नका. हलका माल वर येतो, बारीक खाली जातो. आकडा खोटा निघेल.

वीज, पट्टे आणि आवाज

आपल्याकडं दुपारी व्होल्टेज पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वहीत कुणी लिहीत नाही. व्होल्टेज पडलं की मोटर दमते, पट्टा सरकू लागतो, रोलरचा वेग घटतो, तर हॉपरमधून (वरच्या माल सोडायच्या पेटीतून) माल मात्र तेवढाच पडत राहतो. दाणा नीट घासला जात नाही. म्हणून वहीत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी व्होल्टमीटरवरचा आकडा टाका. दुपारचे लॉट सारखे खराब येत असतील तर दुपारी माल कमी सोडा, किंवा त्या वेळात चाळणी आणि निवडीची कामं काढा.

रोलरवरचा एमरीचा दगड झिजला की आधी आवाज बदलतो, मग डाळ. हा आवाज मिस्त्रीला कळतो, मालकाला नाही. ‘आवाज बदलला’ एवढी नोंद तारखेसह वहीत आली पाहिजे, आणि ती करणाऱ्याला ‘काही नाही, चालू दे’ हे उत्तर मिळता कामा नये. मालातलं लोखंड पकडणारं लोहचुंबक रोज सकाळी पुसायचं, पट्ट्याचा ताण आठवड्यातून एकदा बघायचा, बेअरिंगला ग्रीस ठरल्या दिवशी द्यायचं आणि बाहेर आलेलं पुसून घ्यायचं. पट्ट्यांवर जाळी नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ती बसवा. पदर, ओढणी, गमछा पट्ट्यात जायला क्षण लागतो. मिलमधल्या कुठल्याही माणसाला, झाडणाऱ्या मावशींनासुद्धा, मशीन बंद करायचा हक्क असावा, आणि बंद करायचं बटण कुठं आहे ते दाखवलेलं असावं.

सकाळची दहा मिनिटं

मशीन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी उभ्याउभ्या जमायचं. मध्ये एक ताट, त्यात कालच्या लॉटची डाळ, शेजारी वाटीत कणी. डाळ समोर असली की बोलणं डाळीवर राहतं, माणसावर जात नाही. विचारायचं एवढंच: काल कुठं अडलं, आज कोणता लॉट कुठं आहे, कुणाला काय कमी पडतंय. मालकानं शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि दहा मिनिटं वाया जातात.

निवडणाऱ्या बायांना पहिल्या रांगेत बसवा. खडा कोणत्या लॉटमध्ये येतो, किडका दाणा कुठल्या गावच्या मालात निघतो, टरफलाची डाळ (टरफल चिकटून राहिलेली) कोणत्या वेळी वाढते, हे सगळं त्यांच्या बोटांना माहीत असतं. त्यांना विचारलं जात नाही म्हणून त्या सांगत नाहीत. सुरुवातीचा आठवडाभर सगळे गप्प राहतील. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं मोघम विचारलं तर ‘चांगलं चाललंय मालक’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा ‘मावशी, कालच्या १४ नंबरच्या लॉटमध्ये खडे जास्त का आले?’ असं नेमकं विचारा.

कुणी सूचना केली की ती तारीख आणि नावासह फळ्यावर लिहा, आणि आठ दिवसांत उत्तर द्या: करतो, करत नाही, किंवा करून बघतो. ‘नाही’ म्हणायला हरकत नाही, पण कारण सांगायचं. उत्तर न मिळालेल्या तीन सूचनांनंतर चौथी कधीच येत नाही.

करून बघायचं ते एका वेळी एकच. कुणी म्हणालं तेल ६०० वरून ७०० ग्रॅम करू, तर लागोपाठ पाच लॉट ७०० नं चालवा, बाकी काही हलवू नका, आणि आधीच्या लॉटशी ताडून बघा. त्याच आठवड्यात चाळणीही बदलली तर फायदा कुणामुळं झाला हे कळणार नाही. फरक पडला तर कार्ड खोडून नवा आकडा लिहा, खाली सूचना करणाऱ्याचं नाव. नाही पडला तर जुनं कार्ड तसंच राहू द्या, आणि प्रयोग फसला हे वहीत लिहा, म्हणजे दोन वर्षांनी कुणी पुन्हा तोच खर्च करणार नाही.

पैशाचा प्रश्न

वाचलेल्या पैशांतला वाटा कामगारांना दिला नाही तर ही सगळी वही म्हणजे त्यांच्यावरची पाळत ठरते, आणि लोक खोटे आकडे लिहायला लागतात. वाटा मात्र जपून ठरवा. नुसत्या डाळीच्या टक्क्यावर बक्षीस ठेवलं तर कणी डाळीत ढकलली जाते, टक्का छान दिसतो आणि महिन्याभरात व्यापारी माल परत पाठवतो. निवडणाऱ्या बायांना नुसतं कट्ट्यावर पैसे दिले तर खडा डोळ्यांआड होतो. दोन अटी एकत्र लावा: डाळीचं प्रमाण ठरल्यापेक्षा वर, आणि १०० ग्रॅम नमुन्यात कणी व टरफलाची डाळ ठरल्यापेक्षा कमी. नमुना दर वेळी वेगळ्या माणसानं काढायचा आणि सर्वांसमोर तोलायचा. वाटा सगळ्यांना, कारण वर सांगितलं तसं तेलवाल्याची चूक मिस्त्रीच्या रोलरवर दिसते. एकट्या मिस्त्रीला बक्षीस दिलं तर तेलवाला कशाला जपेल? हिशेब महिन्याच्या ठरल्या तारखेला फळ्यावर मांडा. वाईट महिन्यात वाटा शून्य येऊ शकतो, पण ठरलेली मजुरी कापायची नाही.

वहीत फार रकाने करू नका. आठ-दहा पुरेत. वीस रकाने झाले की संध्याकाळी आठवून भरले जातात, आणि आठवून लिहिलेला आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट. वजन झालं की त्याच क्षणी, त्याच माणसानं लिहायचं. पेन दोरीनं वहीला बांधून ठेवा.

माणूस नसला तर

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, लातूर-धाराशिवकडं मिल रिकामी होते, लग्नसराईत निम्मी माणसं गावाला जातात. एकट्या मिस्त्रीच्या डोक्यात रोलरचं अंतर असेल तर तो गेल्यावर मिल बंद, किंवा त्याहून वाईट म्हणजे अंदाजानं चालू. प्रत्येक टप्प्याला दोन माणसं तयार हवीत. दुसऱ्यानं आठवड्यातला एक लॉट पूर्ण स्वतः चालवायचा, पहिल्यानं शेजारी उभं राहून फक्त कार्डाकडं बोट दाखवायचं. कार्ड वाचूनही काम अडलं तर कार्डात काहीतरी सुटलंय. ते लगेच भरून घ्यायचं. मिस्त्रीला ‘माझी जागा जाते की काय’ अशी भीती वाटणं साहजिक आहे. शिकवण्याचे वेगळे पैसे आणि शिकवणारा म्हणून मान, दोन्ही द्या. न देता हे करून घ्यायला गेलात तर तो अर्धंच शिकवील.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उन्हाचा भरवसा नसतो आणि साठवलेल्या तुरीला भुंगा लागतो. लॉट लहान करा, आधी आलेला माल आधी काढा, आणि पावसाळ्याचं वाळवणाचं कार्ड वेगळ्या रंगाच्या कागदावर लावा. ड्रायर वापरत असाल तर त्याचा स्वतंत्र १५ लॉटचा हिशेब ठेवा. उन्हाच्या आकड्यांशी त्याची सरमिसळ केली की दोन्ही आकडे निकामी होतात.

नवी तूर जानेवारीत बाजारात यायच्या आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला, एक दिवस मिल बंद ठेवा. रोलर उघडा, चाळण्या उतरवून उजेडाला धरा, फाटलेल्या बदला. वर्षभराची वही सगळ्यांसमोर ठेवून पाच सगळ्यांत चांगले आणि पाच सगळ्यांत वाईट लॉट काढा. त्या दहा लॉटचा ओलावा, तेल, ढिगाचा वेळ आणि व्होल्टेज शेजारी शेजारी लिहून काढायला दीड तास लागतो. मग प्रत्येक टप्प्याचं कार्ड नव्यानं लिहा, तारीख टाका, त्यावर त्या टप्प्याच्या दोन्ही माणसांची सही किंवा अंगठा घ्या, आणि जुनी कार्डं वहीच्या मागं चिकटवून ठेवा.